बिग बँग, बाप्तिस्मा आणि टू बीएचके

लग्नाआधी जोडपी काय काय डिस्कस करतात? ईएमआय, सासू, करिअर, कुत्रा पाळायचा की मांजर... आमच्याकडे विषय निघाला विश्वाच्या उत्पत्तीचा!

"तुमचा देव बिग बँगच्या आधी काय करत होता गं?"

हा प्रश्न मला जिथे विचारला गेला, ती जागा तत्त्वज्ञानासाठी अजिबात फेमस नाही. चिंचोटी नाका. समोर भिवंडीकडे वळू बघणारे कंटेनर, मागे गुजरातहून आलेले ट्रक आणि मधल्या सापटीत बाइकवर आम्ही दोघं, तोंडाला रुमाल बांधून. आलो होतो फ्लॅट बघायला. मुंबईत जे परवडत नाही ते वसई-विरारला परवडतं, आणि जे वसई-विरारलाही परवडत नाही ते हायवेच्या पलीकडे चिंचोटीला परवडतं, हा आमच्या पिढीचा भूगोल! ब्रोशरवर धबधब्याचा फोटो होता. साइट ऑफिसातल्या मुलाने गॅलरीतून तुंगारेश्वरच्या डोंगराकडे बोट दाखवलं आणि "व्ह्यू" एवढा एकच शब्द उच्चारला. व्ह्यू खरंच छान होता हं.

तर प्रश्न. तो उगाच नव्हता आला. माझ्या सॅकमध्ये फ्लॅटच्या कोटेशनबरोबर आणखी एक कागद होता, आमच्या फादरांनी दिलेला. मी वसईची कॅथलिक, समुद्राच्या बाजूची. केळीच्या वाड्या, विहीर, रोज संध्याकाळी रोझरी, रविवारी मिस्सा, असं सगळं. आमचे साहेब (होणारा नवरा म्हणायला अजून जीभ वळत नाही) जन्माने हिंदू आणि स्वभावाने नास्तिक. आईच्या सत्यनारायणालाही ते प्रसादाच्या वेळीच उगवतात. स्वतःच्या धोरणाला 'सर्वधर्मसमभाव' म्हणतात, म्हणजे सगळ्यांवर सारखाच अविश्वास!

अशा लग्नाला चर्चमध्ये परवानगी मिळते, पण बिशपांकडून खास सूट घ्यावी लागते. त्यासाठी कॅथलिक जोडीदाराने, म्हणजे मी, दोन गोष्टी लिहून द्यायच्या. एक, मी माझा विश्वास सोडणार नाही. दोन, मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी मला शक्य ते सगळं करेन. दुसऱ्या बाजूने कसलंही वचन द्यायचं नसतं. मी काय वचन दिलंय हे त्याला नीट समजावून सांगायचं असतं, एवढंच. पूर्वी त्याच्याकडूनही लिहून घेत असत, आता नाही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. डेटा अॅनालिस्ट माणूस, टर्म्स अँड कंडिशन्ससुद्धा वाचतो. म्हणाला, "तू सही कर, मला प्रॉब्लेम नाही. पण उद्या पोरगं मला विचारणार, आई जे सांगते ते खरंय का? तेव्हा मी काय सांगू? मला आधी कळू दे, तू नक्की काय मानतेस. जगाची निर्मिती सहा दिवसांत? सिरीयसली?"

चेष्टा करत असता तर बरं झालं असतं. चेष्टेला उत्तर देता येतं. तो मनापासून विचारत होता.

आता मासकॉमची डिग्री घेऊन माणूस दुसरं काही शिको न शिको, एक शिकतो: विषय कळत नसेल तर त्यावर स्टोरी करायची. लोकांना भेटायचं, वाचायचं, डेडलाइन लावायची. मी माझ्याच लग्नावर स्टोरी करायला घेतली. फ्रीलान्सरला तसंही ब्रीफ कोण देणार होतं!

पहिला शोध लागला तो नाक्यावरच्या प्रश्नाचाच. हा प्रश्न सोळाशे वर्षं जुना आहे, आणि तो सुरुवातीला कुणा नास्तिकाने नाही, तर एका बिशपने पानंच्या पानं खर्चून सोडवायला घेतला होता. संत ऑगस्टीन, आजच्या अल्जीरियातला, इसवी सन ४००च्या सुमाराचा. त्याच्या काळातही लोक विचारत, जग निर्माण करण्याआधी देव काय करत होता? त्यावर एक रेडिमेड विनोदी उत्तर फिरत होतं, की असले खोचक प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता! ऑगस्टीन ते उत्तर सांगतो आणि बाजूला ठेवतो. प्रश्न टाळण्यासाठी केलेला विनोद त्याला पटत नाही. मग म्हणतो, की काळसुद्धा निर्मितीचाच भाग आहे. काळच नव्हता, तर 'आधी' कुठून आणायचं? 'तेव्हा' हा शब्दच तिथे लागू होत नाही.

हे मी साहेबांना व्हॉट्सअॅप केलं. बराच वेळ दोन निळ्या टिका. मग आलं, "हे फिजिक्सवाले पण म्हणतात." आणि मग, "हा माणूस इंटरेस्टिंग आहे."

हाच ऑगस्टीन आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, जी प्रत्येक धर्माच्या व्हॉट्सअॅप ग्रुपच्या दारावर लावायला हवी. आकाश, तारे, प्राणी यांबद्दल ज्यांना नीट माहिती आहे, अशा लोकांसमोर एखादा ख्रिस्ती माणूस बायबलचा हवाला देऊन अडाण्यासारखं बोलू लागला, तर ते फार लाजिरवाणं. जे कळतं त्यात तुम्ही चुकताना दिसलात, तर जे दिसत नाही त्याबद्दल तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?

लाजिरवाणं झालेलं आहेच. सतराव्या शतकात आयर्लंडचा आर्चबिशप जेम्स अशर याने बायबलमधल्या वंशावळ्यांची बेरीज करून जगाची जन्मतारीख काढली: २३ ऑक्टोबर, ख्रिस्तपूर्व ४००४. इतकी अचूक तारीख तर आमच्या बिल्डरने पझेशनची पण दिली नाही. (हा प्रोटेस्टंट होता, असं म्हणून आम्ही कॅथलिक हात झटकू शकतो. पण आमच्या खात्यावर गॅलिलिओ आहे, तेव्हा गप्प बसलेलं बरं.) आणि चिंचोटीच्या धबधब्याचा कातळ? डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट, थंड झालेला लाव्हा. वय सहा-साडेसहा कोटी वर्षांच्या घरात. अशरसाहेबांची बेरीज पावसाळ्यात त्या कातळावर पाय ठेवला की सर्रकन घसरते.

गॅलिलिओचं नाव निघणार हे मला माहीत होतंच. १६३३ मध्ये चर्चने त्याच्यावर खटला चालवला, पृथ्वी फिरते हे म्हणणं त्याला मागे घ्यायला लावलं आणि उरलेलं आयुष्य नजरकैदेत ठेवलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या प्रकरणात चर्चचं चुकलं, हे जाहीरपणे मान्य केलं ते १९९२ साली. साहेबांनी लगेच वजाबाकी केली, "तीनशे एकोणसाठ वर्षं. तुमचा कस्टमर केअर जरा स्लो आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. त्याचं समर्थन करणारे लोक मला भेटतात. तेव्हाचं राजकारण कसं होतं, गॅलिलिओचा स्वभाव कसा तिरसट होता वगैरे. असेल. पण एका म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यावर बसवून त्याला जे खरं दिसलं ते खोटं आहे असं म्हणायला लावणं, यात स्वभावाचा काय संबंध?

फक्त मला एवढंच म्हणायचं होतं, की चर्च आणि विज्ञान म्हणजे फक्त तो एकच सीन नाही. आणि दुसरा सीन बघायला रोमला जावं लागत नाही. चर्चगेटची फास्ट पकडायची आणि धोबी तलावला यायचं. सेंट झेवियर्स कॉलेजात 'ब्लॅटर हर्बेरियम' आहे. वाळवून, कागदावर चिकटवून, नावगाव लिहून ठेवलेले वनस्पतींचे लाखाहून जास्त नमुने. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट पाद्री. १९३४ साली ते गेले, तोवर नेचे, ताड-माड, काश्मीरची फुलं अशा कशाकशावर लिहून गेले. त्यांच्यानंतरचे फादर हर्मेनेगिल्ड संतापाव. जन्म स्पेनचा, पुढे भारतीय नागरिक झाले, भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचे प्रमुख झाले, १९६७ मध्ये पद्मश्री. खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांचं पुस्तक आहे. आपल्या सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी आहे ना, ती ज्या कुळातली, त्या कुळाच्या मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरही त्यांनी ग्रंथ लिहिला. म्हणजे सकाळी मिस्सा अर्पण करायची आणि मग भिंग घेऊन परागकोश मोजत बसायचं. मोजताना त्यांना मध्येच देवाचा धावा करावा लागत नसणार. जे दिसतंय ते लिहायचं, बस.

मला हा प्रकार आवडतो, कारण त्यात कुणी काही सिद्ध करायला निघालेलं नाही.

आणि बिग बँग? इथे मात्र माझ्या हातात हुकमाचा एक्का होता! तो मला मिळाला आमच्या फादरांकडून. तरुण आहेत, बीएस्सी करून सेमिनरीत गेले. पुण्याला शिकले. तुम्हाला माहीत नसेल, पण पाद्री व्हायचं तर धर्मशास्त्राच्या आधी किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान शिकावंच लागतं. म्हणजे बायबल उघडण्याआधी प्लेटो, कांट आणि आपल्याकडे शंकराचार्यही. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा तर अभ्यास तुकारामांच्या देवानुभवावरचा. हे मी साहेबांच्या आईंना सांगितलं, तर त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. लग्नाला त्यांचा निम्मा होकार तिथेच मिळाला असावा.

असो. फादर म्हणाले, "त्याला विचार, बिग बँगची कल्पना मांडली कुणी?"

जॉर्ज लमेत्र. बेल्जियन. पहिल्या महायुद्धात सैनिक होता, १९२३ साली कॅथलिक पाद्री झाला आणि १९२७ मध्ये त्याने आइनस्टाइनच्याच समीकरणांवरून विश्व प्रसरण पावतंय असं मांडलं. खुद्द आइनस्टाइन त्याला म्हणाला होता, की गणित बरोबर आहे पण फिजिक्स भयंकर! १९३१ मध्ये लमेत्र पुढे गेला. विश्व पसरतंय तर उलट मागे जाऊ, सगळं एका बिंदूशी येईल. एक आदिम अणू. 'बिग बँग' हे नाव पडलं ते नंतर, १९४९ साली बीबीसी रेडिओवर, फ्रेड हॉइल या शास्त्रज्ञाच्या तोंडून. हॉइल नास्तिक. त्याला ही थिअरी अजिबात पसंत नव्हती, कारण तिला 'निर्मिती'चा वास येत होता. म्हणजे बघा गंमत: पाद्रीबुवा बिग बँगच्या बाजूने आणि नास्तिक शास्त्रज्ञ विरोधात!

मी हे साहेबांच्या तोंडावर फेकणार, तेवढ्यात फादरांनी माझा हात धरला. म्हणाले, "पुढचं पण सांग. नाहीतर अर्धवट होईल."

पुढचं असं, की १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी भाषणात जवळपास असं सुचवलं, की बघा, विज्ञानाने निर्मितीला पाठिंबा दिला! चर्चमध्ये टाळ्या. आणि नाराज कोण झाला? लमेत्र! त्याचं म्हणणं, माझी थिअरी ही फिजिक्सची थिअरी आहे. ती मानणारा आस्तिक असू शकतो, नास्तिकही असू शकतो. तिच्यात देवाला कोंबू नका. उद्या ती चुकली तर काय देवाचा राजीनामा घेणार? त्याने पोपच्या सल्लागारामार्फत ही गोष्ट वरपर्यंत पोचवली, आणि पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. गॅलिलिओला गप्प बसवणाऱ्या चर्चमध्ये एका साध्या पाद्रीने चक्क पोपना आवरलं. (२०१८ मध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून 'हबलच्या नियमा'ला 'हबल-लमेत्र नियम' म्हणावं अशी शिफारस केली. उशिरा का होईना.)

तर माझा एक्का माझ्याच फादरांनी कापला. बिग बँगने देव सिद्ध होत नाही आणि रद्दही होत नाही. साहेब हे ऐकून एवढे खूश झाले, की लमेत्रचा फोटो डीपीला ठेवतो म्हणाले. पाद्रीच्या वेशातला!

पण खरं सांगू? एवढ्यावर प्रश्न मिटला असता तर हा लेख मी लिहिलाच नसता. विज्ञान 'कसं' सांगतं, धर्म 'का' सांगतो, दोघांची दुकानं वेगळी, भांडण नाही. हे ऐकायला गोड वाटतं. रविवारच्या पुरवणीत छान दिसतं. पण माणसं अशी दुकानं वेगळी ठेवून जगत नाहीत. मला हे पहिल्यांदा कळलं ते २०१२ मध्ये.

मार्च महिना. मी शाळेत होते. पार्ल्याला, इर्ल्याच्या वेलंकणी मातेच्या चर्चजवळच्या क्रूसावरून पाणी ठिबकायला लागलं. येशूच्या पायांपासून. बातमी पसरली, गर्दी झाली, लोक ते पाणी भरून नेऊ लागले. सनल एडामारुकू नावाचे रॅशनलिस्ट एका चॅनेलच्या बोलावण्यावरून आले. त्यांनी पाहणी केली आणि सांगितलं, की जवळचा ड्रेन तुंबलाय, ते पाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढतंय आणि क्रूसावरून खाली येतंय. केशाकर्षण, म्हणजे कंदिलाच्या वातीत रॉकेल वर चढतं ना, तेच. आपण सगळे ते शाळेत शिकलो. टीव्हीवरच्या चर्चेत त्यांनी चर्चवर चमत्कारांचा बाजार मांडल्याचाही आरोप केला. त्यावरून कॅथलिक संघटनांनी पोलिसांत तक्रारी केल्या, तेव्हाच्या दंड विधानाच्या २९५-अ कलमाखाली, धार्मिक भावना दुखावल्याच्या. त्याच वर्षी एडामारुकू देश सोडून फिनलंडला गेले.

चर्चने त्या पाण्याला अधिकृतपणे कधीच चमत्कार म्हटलं नव्हतं, हे खरं. चमत्कार मान्य करायला चर्चही सहसा घाई करत नाही. फ्रान्समध्ये लूर्दला १८८३ पासून डॉक्टरांची कायमची समिती बसलेली आहे. हजारो लोकांनी बरं झाल्याचे दावे केले, त्यातले मान्य झाले सत्तरच्या आसपास. म्हणजे रीतसर तपासणारी यंत्रणा आमच्याकडे आहे. मग ज्या माणसाने फुकटात तपासून दिलं, त्याच्यावर पोलीस केस का? त्याचे आरोप झोंबले असतील, मलाही झोंबले होते. पण प्लंबिंगबद्दल तो बरोबर बोलत होता.

त्या दिवसांत आमच्या आळीतल्या एक मावशी इर्ल्याला जाऊन आल्या आणि प्रेमाने आजीसाठी बाटली भरून घेऊन आल्या. आजी म्हणजे कट्टर. एकही मिस्सा न चुकवणारी, शुक्रवारी मांसाला हात न लावणारी. मला वाटलं बाटली आता अल्तारीवर जाणार. आजीने झाकण उघडलं, वास घेतला. "पोरी, हे केळीला घाल."

मी हादरले. "आजी, लोक म्हणतात चमत्कार आहे!"

"देवाला पाण्याचाच चमत्कार करायचा असता तर त्याने आपली विहीर गोड केली असती."

वसईबाहेरच्या वाचकांसाठी: इथल्या विहिरींचं पाणी खारट होत जाणं हा आमचा जुना जखमेचा विषय. टँकरवाले जमिनीतलं गोडं पाणी उपसत राहिले आणि समुद्र आत सरकत राहिला. त्याविरुद्ध लोकांना रस्त्यावर आणलं ते फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी, 'हरित वसई संरक्षण समिती'तून. हेच दिब्रिटो 'सुबोध बायबल'चे लेखक, २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. जुलै २०२४ मध्ये ते गेले तेव्हा शोक करणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं होती. भूजल म्हणजे शुद्ध विज्ञान. किती उपसा, किती पाझर, खारं पाणी किती आत. पण त्या आकड्यांसाठी माणसं घराबाहेर पडली, त्यामागे एका पाद्रीचा शब्दही होता. दुकानं वेगळी कुठे राहिली?

आजी आता नाही. बाटलीवरून तिने मला जे शिकवलं ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. तिचा विश्वास केशाकर्षणाने हलला नाही, कारण तो क्रूसाच्या ओलाव्यावर उभाच नव्हता.

पण मग कशावर उभा होता? इथे साहेब मला सोडेनात. आणि चिंचोटीनेच मला तिथे अडवलं.

चिंचोटीचा धबधबा सुंदर आहे आणि दगाबाज आहे. हायवेपासून जंगलातून तास-दीड तास चालायचं. वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली डोहाजवळ उभ्या असलेल्याला कळेपर्यंत पाणी वाढलेलं असतं. दरवर्षी कुणी ना कुणी बुडतं. जुलै २०१८ मध्ये तर मोठ्या संख्येने पर्यटक अडकले आणि त्यांना बाहेर काढावं लागलं. पावसाळ्यात कितीदा तरी बंदीचे आदेश निघतात, बोर्ड लागतात, आणि लोक बोर्डासमोर सेल्फी काढून पुढे जातात. दोन पावसाळ्यांपूर्वी मी एका पोर्टलसाठी अशाच एका घटनेवर गेले होते. मुलगा विशीतला. वडील खाली रस्त्याशी बसले होते, पायात चप्पल नव्हती. मी काही विचारलंच नाही. तेच म्हणाले, "असं का केलं असेल त्याने?" 'त्याने' म्हणजे मुलाने की देवाने, मला कळलं नाही. पाणी कसं वाढलं ते मी माझ्या कॉपीत चार ओळींत लिहिलं. त्यांच्या प्रश्नाचं काही लिहिता आलं नाही.

मी हे सांगितल्यावर साहेब गप्प झाले आणि मग हळूच म्हणाले, "मग तू तरी काय उत्तर देशील? चांगला देव असेल तर तो पोरगा का बुडाला?"

हा खरा प्रश्न आहे. बिग बँग वगैरे त्यापुढे कोडी आहेत. आणि यावर मला आश्चर्याचा धक्का दिला तो तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनसने. देव आहे का, या प्रश्नाची सुरुवात तो विरोधी पक्षाच्या मुद्द्यांनी करतो. मुद्दे दोनच. पहिला: जगात एवढं वाईट आहे, तर चांगला देव कसा असेल? दुसरा: सगळं निसर्गाच्याच नियमांनी समजावता येत असेल, तर देवाची गरज काय? आता बोला! आमच्या साहेबांचे दोन्ही प्रश्न साडेसातशे वर्षांपूर्वी, एका संताने, स्वतःच्या हाताने, पहिल्या नंबरला लिहून ठेवलेत. थॉमस उत्तरंही देतो. दुसऱ्यावरचं मला पटतं: नियमांनी सगळं चालत असेल, तरी मुळात काही आहेच का आणि नियम आहेतच का, हा प्रश्न उरतोच. पहिल्यावरचं उत्तर असं, की देव वाइटातूनही चांगलं काढू शकतो. हे मी त्या अनवाणी बापाला सांगू शकले नसते. बहुतेक थॉमसनेही सांगितलं नसतं.

आपल्याकडेही असा एक माणूस होऊन गेला. नीळकंठशास्त्री गोरे, काशीत राहणाऱ्या चित्पावन घरातला पंडित. मिशनऱ्यांचं खंडन करायला गेला आणि वाद घालता घालता १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाला. मग षड्दर्शनांवर तर्कशुद्ध टीका करणारा ग्रंथ लिहिला. पुढे पंडिता रमाबाईंवरही त्याचा प्रभाव पडला. पण मला त्याच्याबद्दल भावलं ते हे, की एवढा तर्कपटू माणूस, आणि शंकांनी त्याला ख्रिस्ती झाल्यावरही आयुष्यभर सोडलं नाही. शंका बाहेरच्या दारात चपलांसारख्या काढून ठेवता येत नाहीत.

शेवटी साहेबांनी नेम धरलाच. "ठीक आहे. उत्पत्तीची गोष्ट रूपक आहे, मान्य. उत्क्रांती तुमच्या पोपलाही चालते, मान्य." (चालते. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले होते, की ती आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही.) "पण ईस्टरचं काय? मेलेला माणूस उठला. तेही रूपक?"

इथे पळवाट नाही. संत पॉलने ती स्वतःच बंद करून ठेवलीय. येशू उठला नसेल तर आमचा सगळा विश्वास फुकट, असं त्याने स्वच्छ लिहिलंय. रूपक म्हणून मी सुटू शकते, पण मग दर ईस्टरच्या मध्यरात्री मेणबत्ती घेऊन मी जे म्हणते ते खोटं ठरतं.

मी त्याला म्हणाले, "नाही. ते मी खरं मानते. प्रयोगशाळेत दाखवता येणार नाही. एकदाच घडलेल्या गोष्टीचा प्रयोग रिपीट होत नाही. माझ्याकडे आहे ती साक्ष. घाबरून पळालेली माणसं काही दिवसांत परत आली आणि 'आम्ही त्याला पाहिलं' म्हणत मरायला तयार झाली, ही. ती तुला पुरेशी वाटणार नाही हे मला माहितेय. मला वाटते. आणि हो, मला ती खरी असावी असं वाटतं, हाही त्यातला एक भाग आहे. कारण ती खोटी असेल, तर चिंचोटीच्या त्या मुलाची गोष्ट डोहातच संपली."

"म्हणजे तू बायस्ड आहेस."

"आहे. तू नाहीस?"

तो हसला नाही. विचार करत राहिला. मला तो याच्यासाठीच आवडला होता बहुतेक.

आमचं ठरलंय ते एवढंच. मी सही केलीय. खोटी नाही, पूर्ण समजून. बाळाला बाप्तिस्मा होईल, आणि बाबा देव मानत नाही हेही त्याच्यापासून लपवायचं नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याने हात वर करून बाबाचे प्रश्न विचारले तर मी त्याला कोपराने ढोसणार नाही. साहेबांनी यावर 'हो' म्हटलेलं नाही. 'नाही'ही म्हटलेलं नाही. फ्लॅटचंही तसंच. टोकन दिलेलं नाही, पण पप्पांनी "जावईबापू, तिकडे पाण्याचं कनेक्शन आहे की टँकर, ते आधी बघा," असं बजावलंय. वसईकराची शंका ती!

पप्पांच्या सांगण्यावरून साहेब या रविवारी पहिल्यांदा आमच्या चर्चला येतायत. मागच्या बाकावर बसणार, गुडघे टेकणार नाही, असं आधीच सांगून ठेवलंय. त्यांच्या मोबाइलमध्ये फादरांसाठी प्रश्नांची यादी आहे, आणि पहिल्या नंबरला तो बुडालेला मुलगा आहे. फादरांना मी मेसेज केलाय, की सकाळच्या मिस्सानंतर कुठलीही मीटिंग ठेवू नका, तासभर तरी लागेल. त्यांचं उत्तर आलं: "दोन तास ठेवले आहेत."